पुण्याची जुनी वेधशाळा आणि तिचा वारसा

मराठी घरांत 'वेधशाळा' हा शब्द बहुधा पावसाळ्याच्या तोंडीं ऐकूं येतो. मृग लागला, ढग भरून आले, पण सर येईना, कीं वडील मंडळी वर्तमानपत्र पुढें ओढून 'वेधशाळा काय म्हणते?' असें विचारतात. आणि वेधशाळेनें सांगितलें तसें घडलें नाहीं म्हणजे तिची थोडी थट्टाहि होते. ही वेधशाळा म्हणजे हवामानखात्याची कचेरी. ती १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली, व तेव्हांपासून लोकांच्या बोलण्यांत तिनें हा शब्द जणूं आपल्या नांवें करून घेतला. परंतु ती येण्यापूर्वीं चाळीस वर्षें पुण्यांत दुसरी एक वेधशाळा उभी राहिली होती. ती ताऱ्यांचे वेध घेणारी होती. तिच्यांतील दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण त्या काळीं साऱ्या हिंदुस्थानांत दुसरी नव्हती. आणि विशेष हें कीं, ती एका कॉलेजाची होती. चोवीस वर्षें चालून ती बंद पडली, व आज पुण्यांतील सुशिक्षित घरांतहि तिचें नांव क्वचितच निघतें. तिची हकीकत वाचकांस सांगावी असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. त्यास निमित्त मिळालें तें एका गच्चीवर.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही निगडीस एका आप्तांकडे उतरलों होतों. घर भरलेलें. आजोबा, आजी, दोघे मुलगे, सुना आणि नातवंडें अशी सारी मंडळी एकत्र नांदणारी. थोरला मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांनीं आजोबांना गच्चीवर ओढून नेलें, व आम्हीहि मागोमाग गेलों. आजोबांनीं मृग दाखविला. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्यें एका ओळींत बसलेले तीन, तोच बाण. आणि खालीं झगझगणारा व्याध. "या बाणाच्या खालीं," आजोबा म्हणाले, "आमच्या लहानपणीं एक धुकट ठिपका दिसत असे." मुलांनीं डोळे ताणून पाहिलें. ठिपका दिसेना. ईशान्येकडे भोसरी-चाकणच्या बाजूचें आकाश दिव्यांच्या उजेडानें पिवळसर झालें होतें, आणि डोक्यावरहि तो उजेड पातळ दुधासारखा पसरला होता. धाकटी नात जरा हिरमुसली, पण लागलीच तिनें विचारलें, "आजोबा, तो ठिपका म्हणजे काय असतो?"

या प्रश्नाचा निकाल लावण्यांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं पुण्याच्या एका प्रोफेसराचा हात होता, हें आम्हीं त्या रात्रीं मुलांना सांगितलें. तेंच येथें विस्तारानें सांगत आहों.

एकोणिसाव्या शतकांतील पुण्यास आकाशाचें शास्त्र नवें नव्हतें. घरोघर पंचांग होतें. मुहूर्त, व्रतें, ग्रहणें सारीं त्याच्या आधारें चालत. परंतु जुन्या कोष्टकांचें गणित व प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ सुटत चालला होता. पंचांगानें सांगितलेल्या जागीं ग्रह सांपडूं नये, ग्रहणाच्या वेळेंत अंतर पडावें, असें वारंवार होऊं लागलें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून युरोपांतील सूक्ष्म वेधांवर आधारलेलें ग्रहगणित मराठींत आणिलें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ १८९६ सालीं पुण्यासच प्रसिद्ध झाला. या वादांतून विचारी लोकांना एक गोष्ट कळून चुकली होती. गणित कितीहि सूक्ष्म असलें तरी शेवटीं कौल वेधाचाच घ्यावा लागतो. आणि चांगला वेध घेण्याचीं साधनें आपल्याजवळ नव्हतीं.

तथापि पंचांगाचें ज्योतिष एवढेंच सांगतें कीं, आकाशांतील ज्योत कोठें आहे व उद्यां कोठें जाईल. ती ज्योत कशाची बनलेली आहे, हा प्रश्न निराळा. त्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या पंडितांसहि वाटे कीं, ज्या पदार्थाला हात लावतां येत नाहीं तो कशाचा आहे हें माणसाला कधींच कळावयाचें नाहीं. वर्णपटाच्या शोधानें हा समज खोटा ठरविला. दिवाळींतील शोभेच्या दारूला हिरवा रंग येतो तो बेरियमच्या क्षारामुळें व तांबडा येतो तो स्ट्रॉन्शियममुळें, हें आज शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूपांत पेटलें म्हणजे आपआपल्या ठराविक रंगांचाच प्रकाश देतें. तो प्रकाश लोलकांतून नेऊन पसरला कीं, काळ्या पट्टीवर रंगीत रेघा उमटतात. या रेघा म्हणजे त्या द्रव्याची स्वाक्षरीच. ती दिवाणखान्यांतील ज्योतीची असो कीं कोट्यवधि कोस दूर असलेल्या ताऱ्याची असो, वाचण्याची रीत एकच.

ही रीत पुण्यास आणणारे गृहस्थ म्हणजे कावसजी दादाभाई नायगांववाला. त्यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते तेथेंच अध्यापक झाले. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं त्या कॉलेजास पांच हजार रुपयांची देणगी दिली, व मुंबई सरकारनें तितकीच रक्कम तींत घातली. मूळ बेत साधा होता. या पैशांतून वर्णपट तपासण्याची एक प्रयोगशाळा काढावयाची, इतकेंच. उपकरणें पाहण्यासाठीं नायगांववाला १८८४ सालीं विलायतेस गेले. तेथें राजज्योतिषी विल्यम क्रिस्टी आणि सूर्याच्या अभ्यासानें प्रसिद्धीस आलेले नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला त्यांना लाभला. नुसती प्रयोगशाळा काढण्यापेक्षां सूर्याचे व ताऱ्यांचे वर्णपट घेणारी वेधशाळाच काढावी, असें त्यांचें म्हणणें पडलें. बेत बदलला. मुंबईची दमट हवा या कामास सोयीची नव्हती. म्हणून जागा पुण्यास ठरली. १८८५ सालीं नायगांववाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें बदलून आले, आणि १८८८ सालीं 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली.

हें कॉलेज म्हणजे १८५४ सालीं निघालेल्या इंजिनिअरिंगच्या शाळेचें वाढलेलें रूप. मुंबई विद्यापीठाशीं तें जोडलेलें होतें. १९११ सालीं त्यास इंजिनिअरिंग कॉलेज हें नांव मिळालें, आणि आतां तें स्वतःच विद्यापीठ झालें आहे. रस्ते, पूल व पाटबंधारे बांधणारीं माणसें जेथें तयार होत, तेथेंच ताऱ्यांचा प्रकाश मोजणारें घर असावें, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

वेधशाळेंतील मुख्य दुर्बीण डब्लिन येथील ग्रब यांच्या प्रख्यात कारखान्यांतील. तींत भिंग नसून आरसा होता, व त्याचा व्यास वीस इंच होता. अंधारांत माणसाच्या डोळ्याची बाहुली फार झालें तर पाव इंच उघडते. वीस इंचांचा आरसा तिच्या ऐंशीपट रुंद, म्हणून प्रकाश गोळा करण्याची त्याची शक्ति सहा हजार चारशेंपट. अशा आरशाच्या कांचेवर त्या काळीं चांदीचा अतिशय पातळ थर चढवीत. आपल्या घरांतील पितळी भांड्यांची कल्हई जशी उडते तशी ही चांदीहि दमट हवेनें काळवंडते, आणि ती काढून पुन्हां चढवावी लागते. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने तर वेधाचें काम जवळजवळ बंदच. म्हणजे दुर्बीण आणली आणि काम झालें, असें नव्हे. तिला रोज हात लावणारा, तिची नाडी ओळखणारा माणूस हवा. पुण्याच्या वेधशाळेंत तो माणूस नायगांववाला हेच होते, आणि वेधशाळेच्या उत्कर्षाचें कारण जें, तेंच पुढें तिच्या अंताचेंहि झालें.

आतां त्या ठिपक्याकडे वळूं. मृगाच्या बाणाखालीं दिसणारा तो धुकट ठिपका म्हणजे एक तेजोमेघ आहे. अशा मेघांविषयीं फार दिवस वाद होता. कांहींच्या मतें ते इतक्या दूरचे तारकापुंज होते कीं, त्यांतील तारे वेगळे दिसत नाहींत. १८६४ सालीं विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिषशास्त्रज्ञानें अशा एका मेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्याचा असतो तसा रंगांचा सलग पट्टा त्यास दिसला नाहीं. कांहीं सुट्या तेजस्वी रेघा मात्र दिसल्या, आणि त्यांतील मुख्य रेघ हिरवी होती. त्यावरून हा मेघ ताऱ्यांचा नसून प्रज्वलित वायूचा आहे, असें त्यानें ठरविलें. पण तो वायु कोणता? पृथ्वीवरील कोणत्याहि द्रव्याशीं ती हिरवी रेघ नेमकी जुळेना.

येथें लॉकियर यांनीं आपला पक्ष मांडला. अवकाशांत फिरणाऱ्या उल्कांचे थवे एकमेकांवर आदळून तापतात, व त्यांच्यापासून तेजोमेघ आणि तारे होतात, असें त्यांचें मत होतें. ती हिरवी रेघ त्यांच्या मतें उल्कांतील मॅग्नेशियमची होती. मॅग्नेशियमच्या ज्वालेंत त्याच जागीं हिरवा पट्टा दिसतो खरा. परंतु त्याची एक खूण आहे. तो एका अंगास धारदार असतो व दुसऱ्या अंगास हळूहळू विरत जातो. तेव्हां प्रश्न सरळ झाला. मृगाच्या तेजोमेघांतील हिरवी रेघ दोन्ही अंगांनीं स्वच्छ आहे, कीं एका अंगास विरते आहे? पाहण्यास सोपी वाटणारी ही गोष्ट फार कठीण होती. कारण मेघाचा प्रकाश अतिशय मंद, आणि तो लोलकांनीं जितका पसरावा तितका अधिकच मंद होतो. त्यासाठीं मोठा आरसा, उत्तम वर्णपटदर्शक व स्वच्छ आकाश या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. पुण्यांत त्या एकत्र आल्या होत्या.

नायगांववाला यांनीं ती रेघ पुनःपुन्हां, प्रकाश पुष्कळ पसरून पाहिली. ती प्रत्येक वेळीं बारीक व दोन्ही बाजूंनीं सारखीच स्वच्छ दिसली. विरणाऱ्या पट्ट्याचा मागमूसहि नव्हता. १८९१ सालीं त्यांचे हे वेध लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध झाले. ज्या लॉकियर यांच्या सल्ल्यानें ही वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध तिचा पहिला मोठा कौल गेला. नायगांववाला यांनीं यांत संकोच धरला नाहीं. डोळ्यांस दिसलें तें सांगितलें, इतकेंच. आमच्या घरांत मुलांना आम्ही गुरूचा मान राखण्यास शिकवितों, आणि तें योग्यच आहे. पण गुरूनें दिलेल्या साधनानें जें सत्य दिसेल तें गुरूलाहि निर्भयपणें सांगणें हा त्या मानाचाच भाग होय, हें या प्रसंगावरून त्यांना सांगण्यासारखें आहे. त्या हिरव्या रेघेचें कोडें मात्र १९२७ सालीं सुटलें. अमेरिकेंतील आयरा बोवेन यांनीं दाखविलें कीं, ती अत्यंत विरळ स्थितींतील प्राणवायूची आहे. ज्या वायूवर आपण जगतों त्याच्या अणूंतून दोन विद्युत्कण निघून गेले म्हणजे तो अशा पोकळींत हिरवा प्रकाश देतो. निगडीच्या नातीच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

योगायोग असा कीं, त्याच पुण्यांत त्याच वर्षांत दुसरे एक थोर गृहस्थ याच मृगाकडे पाहत होते. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगांत असल्याच्या खुणा वेदांत शोधून त्यांनीं वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. एकानें मृगाच्या जागेवरून आपल्या पूर्वजांचा काळ मोजावा व दुसऱ्यानें मृगाच्या पोटांतील वायु तपासावा, हें एका शहरांत, दोनचार वर्षांच्या अंतरानें घडलें. त्या पुण्याचें वैभव वाड्यांपुरतें नव्हतें.

वेधशाळेचा दुसरा मोठा प्रसंग १८९८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाचा. त्या वर्षीं २२ जानेवारीस, पौष अमावास्येस, ग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून देशावर व तेथून पुढें वऱ्हाडांत गेली. मुंबई इलाख्यांत ते प्लेगचे दिवस होते. तरीहि देशोदेशींच्या ज्योतिष्यांच्या छावण्या या छायेच्या वाटेवर पडल्या. लॉकियर विजयदुर्गास आले. दुसऱ्या इंग्रज तुकड्या पुलगांव व तळणी येथें होत्या. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें उतरले. त्याच जेऊरास नायगांववाला आपल्या तुकडीसह पुण्याहून गेले.

येथें एका प्रचलित समजुतीचा उल्लेख करणें अवश्य वाटतें. लॉकियर यांनीं हेलियम वायूचा शोध १८६८ सालीं विजयदुर्गावरून लाविला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलें व बोललें जातें. वस्तुतः १८६८ च्या ग्रहणाचे वेध हिंदुस्थानांत गुंटूर वगैरे ठिकाणीं इतरांनीं घेतले. लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांतच होते, आणि सूर्यावरील ज्वालांच्या वर्णपटांतील ती पिवळी रेघ त्यांनीं तेथें ग्रहणाविनाच पाहिली. विजयदुर्गास ते तीस वर्षांनीं आले. कोंकणच्या त्या किल्ल्याचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. पण ज्या शास्त्राचा प्राणच अचूक वेध हा आहे, त्याच्या इतिहासांत तरी तारीख अचूक असावी.

जेऊरास खग्रास स्थिति टिकली ती सुमारें दोन मिनिटें. त्यांतहि सूर्यबिंब झांकलें जातांना व पुन्हां उघडतांना एकदोन क्षणच असे येतात कीं, तेव्हां सूर्याभोंवतालच्या पातळ वर्णावरणाचा वर्णपट घेतां येतो. एरव्हीं काळ्या दिसणाऱ्या रेघा त्या क्षणीं एकाएकीं उजळून निघतात. त्या क्षणाची तयारी महिनेच्या महिने करावी लागते, व हात एकदां चुकला कीं पुढच्या ग्रहणापर्यंत वाट पाहण्यावांचून गति नसते. नायगांववाला यांना वर्णावरणाचे व प्रभामंडळाचे वर्णपट छायाचित्रांत घेतां आले, आणि त्याचा सविस्तर वृत्तांत १९०२ सालीं वेधशाळेच्या वतीनें प्रसिद्ध झाला. त्या दिवशीं घरोघर ग्रहणाचे वेध लागले होते. लोक स्वयंपाक उरकून, पाण्यांत तुळशीपत्रें घालून, स्नानाची वाट पाहत बसले होते. जेऊरच्या माळावर त्याच घटकेस एक हिंदी प्रोफेसर ग्रहणाचे वेध घेत होता. एकच शब्द, पण त्याचे हे दोन अर्थ एका दिवसांत शेजारीं शेजारीं नांदले.

यानंतरची हकीकत लवकर संपते. १९१२ सालीं नायगांववाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबरच वेधशाळाहि मिटली. तिची दुर्बीण व इतर उपकरणें दक्षिणेंत पळणीच्या डोंगरांत असलेल्या कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे पाठविण्यांत आलीं. तेथें सूर्याच्या अभ्यासाचें काम जोमानें चालू होतें. ताऱ्यांकडे पाहणारी ही वीस इंची दुर्बीण मात्र फार वर्षें पडून राहिली. स्वातंत्र्यानंतर ती तेथें उभारली गेली आणि 'भावनगर दुर्बीण' या नांवानें ओळखली गेली. दात्याचें नांव उरलें, पुण्याचें नांव गेलें. नायगांववाला १९३८ सालीं वारले. म्हणजे आपली वेधशाळा गेल्यानंतर ते आणखी सव्वीस वर्षें जगले.

असें कां व्हावें? पैसा मिळाला होता, साधन उत्तम होतें, काम जगाच्या मासिकांत छापून आलें होतें. उणीव एकच होती. नायगांववाला यांच्यामागें ती दुर्बीण हातीं घेणारा दुसरा माणूस तयार करण्याची व्यवस्था नव्हती. त्या काळचीं आपलीं विद्यापीठें मुख्यतः परीक्षा घेणारीं होतीं. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ कॉलेजें जोडून घेई, प्रश्नपत्रिका काढी व पदव्या देई. संशोधनाची परंपरा चालविणें हें त्याचें काम मानलें गेलेलें नव्हतें. त्यामुळें वेधशाळा विद्यापीठाच्या कॉलेजांत असूनहि विद्यापीठाची झाली नाहीं. ती एका माणसाची राहिली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं असें घर पाहिलें असेल कीं, जेथें कर्त्या पुरुषानें सारें स्वतः केलें, कोणाला कांहीं शिकविलें नाहीं किंवा शिकवूं दिलें गेलें नाहीं, आणि तो जातांच दुकानाला कुलूप लागलें. पुण्याच्या वेधशाळेचें तसेंच झालें. दोष त्या पुरुषाचा म्हणवत नाहीं. घराची घडीच तशी होती.

पुण्यांत आकाशाचें वेड मात्र मेलें नाहीं. १९४४ सालीं येथें ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, व हौशी लोकांनीं आकाशदर्शनाची परंपरा चालू ठेविली. नंतर १९८८ सालीं, म्हणजे पहिली वेधशाळा उभी राहिल्यापासून बरोबर शंभर वर्षांनीं, विद्यापीठ अनुदान मंडळानें पुणें विद्यापीठाच्या आवारांत 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय संस्था स्थापिली. कोल्हापुरास जन्मलेले जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. देशांतील कोणत्याहि विद्यापीठांतील अध्यापकानें व विद्यार्थ्यानें येथें यावें, साधनें वापरावींत, शिकून आपल्या गांवीं परत जावें, हा तिचा मूळ हेतु. या संस्थेनें स्वतःची वेधशाळा बांधावयाचें ठरविलें, आणि जागा निवडली ती पुण्यापासून सुमारें ऐंशी किलोमीटरांवर, आंबेगांव तालुक्यांतील गिरवली येथील डोंगरावर.

निगडीहून आम्ही त्या मंडळींसह पुढच्याच आठवड्यांत त्या बाजूस गेलों. मोशीस इंद्रायणी ओलांडली कीं चाकण लागतें. ज्या चाकणच्या किल्ल्यानें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखालीं शाइस्तेखानाच्या फौजेस पन्नासांहून अधिक दिवस दाद दिली नाहीं, त्याच्या भोंवतीं आज मोटारींचे कारखाने पसरले आहेत. रस्त्यावर मालमोटारींची रांग, दोहों बाजूंस दिव्यांचे उंच खांब. थोरल्या मुलानें आपला कारखाना दुरूनच दाखविला. पुढें राजगुरुनगरास भीमा ओलांडून मंचर गांठावें, व तेथून घोडेगांवच्या दिशेनें पश्चिमेकडे वळावें, म्हणजे दिवे मागें पडूं लागतात. याच नाशिक रस्त्यानें आणखी पुढें गेलें तर नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण लागते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती आहे. उद्योगांचा हा पट्टा व आकाशाकडे लागलेले हे कान-डोळे एकाच रस्त्यावर आहेत.

गिरवलीची दुर्बीण २००६ सालच्या मे महिन्यांत देशांतील संशोधकांसाठीं खुली झाली. तिचा आरसा दोन मीटर व्यासाचा. म्हणजे जुन्या वीस इंची आरशाच्या जवळजवळ पंधरापट प्रकाश गोळा करणारा. तिला जोडलेलें एक मुख्य उपकरण मंद ज्योतींचे वर्णपट घेण्याचें आहे. १८८८ सालीं जें काम पुण्यांत आरंभिलें गेलें, तेंच येथें पुन्हां हातीं घेतलें गेलें. मधल्या काळांत चौऱ्याण्णव वर्षें गेलीं.

परंतु आमच्या मनावर आरशाच्या व्यासाहून दुसऱ्याच एका गोष्टीचा ठसा उमटला. नारळीकर संचालकपदावरून २००३ सालीं निवृत्त झाले. गिरवलीची दुर्बीण खुली झाली ती त्यानंतर तीन वर्षांनीं, दुसऱ्या संचालकाच्या काळांत. नारळीकर २०२५ सालच्या मे महिन्यांत पुण्यांत निवर्तले, आणि संस्थेचें दार त्या दिवशींहि उघडेंच होतें. पहिल्या वेधशाळेंत संस्थापक निवृत्त झाला आणि घुमट मिटला. दुसऱ्या वेळीं संस्थापक निवृत्त झाल्यावर घुमट उघडला. मधल्या शतकांत आपण काय शिकलों, याचें उत्तर या दोन तारखांच्या अंतरांत आहे. ज्ञानाची मालमत्ता नुसती मिळवून भागत नाहीं. ती पुढच्या हातीं देण्याची रीत घरांत असावी लागते.

ही रीत केवळ विद्यापीठांनीं पाळावयाची आहे, असें नाहीं. वेधशाळेला डोंगर कां चढावा लागला? १८८८ सालीं मृगांतील मंद रेघ पुण्यांतून दिसत होती. आज तेथील दिव्यांचा उजेड हवेंतील धुळीवर व बाष्पावर पसरून आकाश धुऊन टाकतो. कारखाने हवेत, रस्त्यावर दिवेहि हवेत. त्यांवर आमच्या आप्तांच्या घराप्रमाणें हजारों घरें चालतात. पण दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आकाशांत जाऊं नये, एवढी झांपड त्यावर बसविणें कोणासहि कठीण नाहीं. अंगणांतील व गच्चीवरील निष्कारण जळणारा दिवा मालविणें तर प्रत्येकाच्या हातीं आहे. चिंचवडच्या सायन्स पार्कमध्यें मुलांना अवश्य न्यावें. तेथें पुष्कळ शिकण्यासारखें आहे. तथापि घुमटावर पाडलेलें आकाशाचें चित्र पाहून मुलाच्या मनांत जो प्रश्न उठतो, त्याला शेवटीं खरेंच आकाश दाखवावें लागतें. तेंहि वडिलार्जित मालमत्तेंतच मोडतें, आणि तें आपण पुढच्या पिढीस कमी करून देत आहों.

परततांना रात्र झाली होती. घोडेगांवच्या अलीकडे एका मोकळ्या जागीं थोरल्या मुलानें गाडी थांबविली व पुढचे दिवे मालविले. सारी मंडळी खालीं उतरली. डोळे अंधाराला सरावण्यास पांच-दहा मिनिटें लागलीं. मृग डोंगरावर चांगलाच वर आला होता. आजोबांनीं नातीचा हात धरून बाण दाखविला व त्याखालीं बोट नेलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "दिसला. धुरासारखा आहे."

आजोबांनीं तिला त्या धुराची हकीकत पुन्हां पहिल्यापासून सांगण्यास आरंभ केला.